मनगट पॉज होत नाही

मराठी घरात दुखण्यांनाही मानपान असतो. क्रिकेटच्या मैदानावर बोट मोडलं, तर ते प्लास्टरसकट आल्यागेल्याला दाखवलं जातं. गणपतीत ढोल वाजवून खांदा भरून आला, तर ती सेवा. राजगड चढताना घोटा मुरगळला, तर तो अभिमान. बोर्डाचे पेपर लिहून हात दुखला, तर बाबा स्वतः उठून तेलाची बाटली शोधतात. एरवी ती बाटली घरात कुठे असते हेही त्यांना ठाऊक नसतं. या उतरंडीत सगळ्यात खाली आहे ते कॉम्प्युटरवर गेम खेळून दुखलेलं मनगट. त्याच्या वाट्याला तेल नाही, शेक नाही, चौकशी नाही. त्याला घरातून दोन शब्दांचं औषध मिळतं, "अजून खेळ!" आणि मुलगा आज्ञाधारक असल्यामुळे तो खेळतो.

म्हणून ही मंडळी दुखणं लपवतात. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा आहे. 'व्हॅलोरंट' हा बंदुकांचा ऑनलाइन गेम खेळतो. त्याचं मनगट दुखतंय हे त्याच्या आईला कळलं ते त्याच्या तोंडून नव्हे, त्याच्या ताटावरून. डावा हात मांडीवर ठेवून एकट्या उजव्या हाताने भाकरी मोडायची, तर अंगठा, दोन बोटं आणि मनगट यांना एकाच वेळी कामाला लागावं लागतं. आपल्याला लहानपणापासून सवय असते म्हणून त्यातली कसरत जाणवत नाही. हे पोर अचानक "आज फक्त भात वाढ" म्हणायला लागलं. दुसऱ्या दिवशीही भात. तिसऱ्या दिवशी तर त्याने स्वतःहून खिचडी सुचवली. घर कोकणातलं असतं तर खपून गेलं असतं. पण ही माणसं मूळची साताऱ्याची, तिथे नुसत्या भाताला जेवण म्हणत नाहीत. आईने हात पुढे करायला लावला, अंगठ्याखाली दाबून पाहिलं आणि मुलाची किंकाळी तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली.

त्यानंतर ते मनगट त्याचं एकट्याचं राहिलं नाही, सोसायटीचं झालं. दुसऱ्या मजल्यावरून महानारायण तेल आलं. गावाला गेलेलं कुणीतरी येताना निर्गुडीचा पाला घेऊन आलं. कल्याणला एक हाडवैद्य आहेत, ते बोलता बोलता हात धरतात आणि कट्‌कन बसवतात, अशी माहिती मिळाली. (जे हाड जागेवरून हललेलंच नाही ते बसवतात कुठे, हे विचारायचं नसतं.) मुलाने आपली रँक स्टेटसला ठेवली होती, तेव्हा ही नजरच आहे, मीठ-मोहऱ्या ओवाळा, असंही एका मावशींनी सुचवलं. तळमजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी म्हणाले, "आम्ही जन्मभर लेजरं लिहिली, नोटा मोजल्या, कधी मनगट दुखलं नाही." हे म्हणताना ते स्वतःच्या अंगठ्याचं मूळ चोळत होते, त्यांच्याकडे पुढे यायचंच आहे. मुलाच्या आजी म्हणाल्या, "आम्ही पहाटे उठून पायली-पायली दळायचो जात्यावर. कुणाची मनगटं दुखली नाहीत." सगळे पांगल्यावर मी आजींना हळूच विचारलं, खरंच नाही दुखायची? त्या म्हणाल्या, "दुखायची की. सांगणार कुणाला?"

सांगायला एक माणूस होता, पण तो इटलीत होता आणि आजींच्या आधी अडीचशे वर्षं होता. बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या या डॉक्टराने १७०० साली कामगारांच्या रोगांवर एक आख्खा ग्रंथ लिहिला आणि १७१३च्या आवृत्तीत लेखनिक-कारकुनांच्या दुखण्याचीही दखल घेतली. त्याने कारणं तीन सांगितली : एका जागी बूड टेकून बसणं, हात सतत एकाच तऱ्हेने हलवत राहणं, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. कारकुनाच्या जागी गेमर बसवा, वहीच्या जागी रँक ठेवा. रामाझिनीला काना-मात्रा बदलावी लागणार नाही. तिसरं कारण तर आपल्याकडचे लोक सोयीस्करपणे विसरतात. जो पोरगा हरायच्या बेतात असतो तो माऊस धरत नाही, आवळतो. माऊस ग्लासभर पाण्याइतकाही जड नसतो, पण शेवटच्या राउंडला तो असा धरलेला असतो की कुणीतरी हिसकावून पळणार आहे.

डॉक्टर लोकांनीही या दुखण्याची वेळोवेळी मनापासून मजा घेतलेली आहे. अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या भारदस्त नियतकालिकात बाजारात नवं खेळणं आलं की काही वर्षांत त्याच्या नावाने नवा रोग छापून येतो. १९८१ साली 'स्पेस इनव्हेडर्स रिस्ट' आलं. १९९० साली एका ३५ वर्षांच्या बाईंनी सलग पाच तास निंटेंडो खेळून अंगठा दुखवून घेतला, तर त्याला 'निंटेंडिनायटिस' असं नाव मिळालं. २००७ साली वी नावाच्या खेळण्यावर टेनिस खेळून एका २९ वर्षांच्या निवासी डॉक्टराचाच खांदा धरला. त्यावर उपचार छापून आला तो असा : आठवडाभर वेदनाशामक गोळी आणि खेळणं पूर्ण बंद. म्हणजे "अजून खेळ" म्हणणारी आपली आई आणि ते जगन्मान्य नियतकालिक यांच्यात फरक एवढाच, की आईने गोळी दिली नाही.

आता मनगटाच्या आत काय चालतं ते एकदा बघून घेऊ. तळहाताच्या मुळाशी आठ छोटी हाडं पन्हाळीसारखी मांडलेली असतात आणि त्यांच्यावर एका चिवट पट्ट्याचं छप्पर असतं. या बोळातून बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरा जातात. कंडरा म्हणजे स्नायूचं बळ हाडापर्यंत पोचवणारी दोरी. त्या नऊ जणींबरोबर एक नस जाते. सकाळची डोंबिवलीहून सुटणारी फास्ट लोकल डोळ्यांपुढे आणा. नऊ दांडगे प्रवासी रोजच्या सवयीने घुसलेत आणि त्यांच्यात एक सडपातळ माणूस दाराशी चेपला गेलाय. डबा वाढत नाही. बाकीचे थोडे जरी फुगले, कुणी पाठीवरची सॅक काढली नाही, की ओरडतो तो हाच. मनगट वर किंवा खाली मोडून धरलं की या बोळातला दाब वाढतो, कंडरांची आवरणं सुजली तरी वाढतो, आणि नस मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका यांच्यात मुंग्या सोडते. अनामिकेची वाटणी झालेली आहे. तिची दुसरी बाजू आणि करंगळी ही वेगळ्या नसेच्या हद्दीत येतात. त्यामुळे करंगळीला मुंग्या येत असतील तर मनगटाला शिव्या देऊ नका, कोपर बघा. ते बहुधा तासन्‌तास टेबलाच्या धारेवर टेकवलेलं असतं.

या बोळातल्या चेंगराचेंगरीला 'कार्पल टनेल' म्हणतात आणि हा शब्द भारदस्त असल्यामुळे प्रत्येक गेमरला आपल्याला तोच झालाय असं वाटतं. सहसा तो नसतो. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण ही त्याची जास्त पक्की कारणं आहेत. एकटा माऊस तो आणतो का, यावर जाणकारांत अजून वाद आहेत. पोरांचं जे दुखतं ते बरेचदा नुसत्या कंडरा कातावल्यामुळे. पण "माझ्या कंडरा कातावल्यात" असं स्टेटस कोण ठेवणार?

अंगठ्याच्या मुळाशी दुखतं त्याची गोष्ट आणखी निराळी. फ्रिट्झ द क्वेरव्हँ नावाच्या स्विस शल्यविशारदाने १८९५ साली त्याचं वर्णन केलं आणि ते दुखणं त्याच्या नावावर लागलं. तपासायची रीत साधी आहे : अंगठा मुठीत दाबायचा आणि मूठ करंगळीच्या बाजूला खाली वाकवायची. अंगठ्याखाली कळ आली तर डॉक्टर मान डोलावतात. आमच्या इमारतीत ही कळ तिघांना आली. एक, तो व्हॅलोरंटवाला. दुसऱ्या, चौथ्या मजल्यावरच्या नव्या आई; काखेत हात घालून बाळ सारखं उचलणाऱ्या बायकांना हे दुखणं हमखास गाठतं. आणि तिसरे, तळमजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी. त्यांनी आधी हे लेजरांवर ढकललं, मग वयावर, मग हवेवर. शेवटी त्यांच्या पत्नीने शांतपणे सांगितलं, की हे दुपारी जेवल्यापासून संध्याकाळच्या चहापर्यंत मोबाइलवर लुडो खेळतात आणि फासा आपटावा तसा अंगठा आपटतात. तेव्हापासून साहेबांनी तरुण पिढीवर बोलणं कमी केलंय.

दुखणं मान्य झालं की मराठी मध्यमवर्गीय घर दोनच गोष्टी करतं. पहिली, दुर्लक्ष. दुसरी, खरेदी. मुलाच्या बाबांनी पहिली करून झाल्यावर दुसरी सुरू केली. उभा धरायचा माऊस आला. बोटं उघडी ठेवणारे घट्ट हातमोजे आले, ते घालून पोरगा दूध आणायला गेला तेव्हा वॉचमनने विचारलं, कुठली गाडी घेतली. मनगटाखाली ठेवायची जेलची गादी आली. ही गादी म्हणजे गैरसमजाचा उत्तम नमुना आहे. खेळताना तिच्यावर मनगट दाबून ठेवलं, तर ते वजन नेमकं त्या बोळाच्या छपरावरच पडतं. ती हात थांबलेला असताना टेकायला आहे, हात चालू असताना रेलायला नाही. शेवटी रेसिंगच्या गाडीतल्यासारखी दिसणारी, मानेला उशी, कमरेला उशी असलेली लालकाळी खुर्ची आली. लिफ्टमध्ये मावेना म्हणून तिघांनी जिन्याने वर चढवली. त्या खुर्चीच्या पाठीचा कोन बदलतो, हात वरखाली होतात, उंची कमीजास्त होते. आणि त्या खुर्चीवर, एवढा सगळा खर्च आणि अभियांत्रिकी वाया घालवत, आमचा मराठी गडी मांडी घालून बसतो.

खरं तर करायच्या गोष्टी फुकट आहेत, म्हणूनच त्या कोणी करत नाही. कीबोर्डच्या मागच्या दोन तंगड्या उघडून तो तिरका करायची आपल्याला हौस असते. त्या मिटाव्यात, तिरक्या कीबोर्डवर मनगट मागे मोडतं. कोपर टेबलाच्या उंचीला यावं, खांदे कानाजवळ नसावेत, मनगट हाताच्या रेषेत सरळ असावं. आपल्याकडचं टेबल साधारण गोऱ्या माणसाच्या मापाचं असतं, म्हणून खुर्ची वर घ्यावी लागते आणि मग पाय लोंबकळतात. त्यावर महागडा उपाय म्हणून पाय ठेवायचं तिरकं यंत्र विकत मिळतं. माळ्यावर मुंजीपासून पडून असलेला पाट तेच काम करतो आणि त्याला चार्जिंग लागत नाही. माऊसचा वेग, म्हणजे पोरांच्या भाषेत 'सेन्स', थोडा कमी केला की इवल्याशा मनगटाऐवजी कोपर आणि खांदा हलवावा लागतो. मोठे सांधे मोठं काम घेतात. नेमही सुधारतो म्हणतात. हे कारण दिलं तरच पोरं ऐकतात, एरवी मनगटासाठी कोणी सेन्स बदलत नाही.

पण या सगळ्या गोष्टींचा बाप एकच : हात मध्येच सोडणं. आणि त्याला पोरांचा ठरलेला जबाब आहे, "आई, ऑनलाइन गेम पॉज होत नाही." हे खरं आहे. व्हॅलोरंटमध्ये तेरा राउंड जिंकेपर्यंत सामना चालतो, मध्येच उठलं तर साथीदार शिव्या घालतात आणि कंपनी दंड करते.

इथे मला आमच्या तरुणपणीच्या व्यवस्थेची आठवण येते. तेव्हा 'काउंटर-स्ट्राइक' खेळायला सायबर कॅफेत जावं लागे. तासाला दहा-वीस रुपये. तास भरला की मालक मागे येऊन उभा राहायचा, आणि त्या माणसाने महाराष्ट्राच्या मनगटांसाठी जे केलं त्याची कुठे नोंद नाही. त्याहून मोठा उपकारकर्ता म्हणजे भारनियमन. ऐन रंगात आलेला सामना, स्क्रीन काळी, पंखा थांबतोय, आणि अख्ख्या आळीतून एकच सामूहिक "हॅट्!" मग सगळे गच्चीवर. हात सैल, डोळे लांबवर, पाय मोकळे. आज फिजिओथेरपिस्ट नेमकं हेच करायला सांगतात आणि त्याचे पैसे घेतात. पुढे इन्व्हर्टर आले, वीज सुधारली, इंटरनेट अमर्याद झालं आणि आमची विश्रांती विकासाने हिरावून घेतली.

आता नव्या जमान्यात त्या विश्रांतीची जागा खेळानेच करून ठेवलीय, फक्त कुणी ती वापरत नाही. राउंड सुरू होण्याआधी बंदुका विकत घ्यायला थोडा वेळ मिळतो. तेवढ्यात हात झटकता येतो. आणि सगळ्यात उत्तम सोय म्हणजे मरण. या खेळात एकदा मेलं की राउंड संपेपर्यंत दुसऱ्यांचा खेळ नुसता बघत बसायचं असतं. हा काळ मनगटासाठी शास्त्रीयदृष्ट्या अमृतासमान आहे. माऊस सोडावा, मुठी उघडाव्यात, मिटाव्यात, खांदे गोल फिरवावेत. पण मेलेला गडी नेमका तेव्हाच जास्त चेकाळतो. माऊस तसाच आवळून जिवंत असलेल्यांना दिशा सांगत बसतो. या हिशेबाने पाहिलं तर वाईट खेळणाऱ्याचं मनगट जास्त टिकायला हवं. तो लवकर मरतो, वारंवार मरतो आणि भरपूर विश्रांती घेतो. चांगला खेळाडू शेवटपर्यंत जिवंत राहतो आणि त्याचं मनगट मरतं.

हा विनोद वाटला, तरी त्यात तथ्य आहे. 'स्टारक्राफ्ट' या गेमचे कसलेले खेळाडू मिनिटाला तीनशेहून जास्त कळा आणि क्लिक करतात, म्हणजे सेकंदाला पाच. २०१५ साली क्लाउड ९ या अमेरिकन संघाचा कर्णधार हाय लॅम मनगटाच्या दुखण्यामुळे बाजूला झाला. पुढच्याच वर्षी 'काउंटर-स्ट्राइक'मधला त्या काळचा अव्वल स्वीडिश खेळाडू, ओलोफमायस्टर या नावाने खेळणारा, मनगटासाठी संघाबाहेर बसला. पंचविशी ओलांडता ओलांडता मनगट म्हातारं होतं, असा हा धंदा आहे.

आमच्या इमारतीतल्या मुलाने ही नावं आईला स्वतःच्या बचावासाठी सांगितली. वर सांगितलं, की २०२२च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिलीय, आणि पुढच्या वर्षी चीनमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत त्याची पदकंसुद्धा दिली गेली. "हा खेळ आहे, आई. मी खेळाडू आहे." आई भाकरी थापत होती. तिने मागे वळून न बघता विचारलं, "मग खेळाडू मैदानात उतरायच्या आधी काय करतो रे?" त्यावर पोराकडे उत्तर नव्हतं. दहावीपर्यंत पीटीच्या तासाला वर्गात बसून गणितं सोडवून घेतलेल्या पिढीला 'वॉर्म-अप' हा शब्द फक्त इंजिन आणि क्रिकेट या दोनच ठिकाणी भेटलेला असतो.

तर ते एवढंच असतं : खेळण्याआधी बोटं सरळ ताठ, मग नुसती पेरं वाकवून आकडा, मग पूर्ण मूठ, असं सावकाश काही वेळा. हात समोर सरळ धरून दुसऱ्या हाताने बोटं हलकेच मागे ओढायची, थोडा वेळ धरायची, मग खाली. ओढल्यासारखं वाटलं तर ठीक, दुखलं तर थांबायचं. दुखणं उतरल्यावर अर्धा लिटरची पाण्याची बाटली धरून मनगट हळूहळू वरखाली करायचं, म्हणजे त्याला बळ येतं. सुजलेल्या जागी दाबून चोळू नये, मग तेल कितीही पवित्र असो. रात्री झोपेत आपण मनगट मुडपून झोपतो; मुंग्यांनी जाग येत असेल तर मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधावा. तो बांधून खेळू मात्र नये, हात पट्ट्याशी भांडत बसतो. आणि सामन्याआधी गोळी घेऊन खेळणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. दुखणं थांबत नाही, फक्त त्याची तक्रार ऐकू येत नाही.

आमच्या मुलाचं आता बरं आहे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्याला गेम बंद करायला सांगितलं नाही. प्रत्येक सामन्यानंतर उठून पाणी पिऊन यायला सांगितलं. पाणी जास्त प्यायल्यावर पुढचं उठणं आपोआप होतं, हा त्यातला डाव त्याला अजून कळलेला नाही. ताटात भाकरी परत आली आहे. कल्याणचे हाडवैद्य या प्रकरणात हात न लावताच राहिले, ते एक बरं झालं.

तुमच्या घरात कुणाच्या हातून वस्तू सुटायला लागल्या असतील, बधिरपणा दिवसाही जात नसेल, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट दिसायला लागला असेल किंवा विश्रांती देऊनही काही आठवड्यांत उतार नसेल, तर तेल-पाला-दृष्ट सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. चेपलेल्या नसेला फार वाट बघायला लावली तर ती पूर्ववत होईलच असं नाही. आणि डॉक्टरांनी "रोज किती तास?" असं विचारलं, तर आई-बाबांना सांगता तो आकडा सांगू नका, खरा सांगा. डॉक्टर तसेही ऐकलेला आकडा दुप्पट करूनच धरतात.